जात्याचा तुकडा आणि बीएस्सी जिऑलॉजी

बारावीचा निकाल लागला की मला दरवर्षी दोन-तीन फोन ठरलेले. यंदा मावसभावाच्या पोराचा आला. ताई, बीएस्सीला जिऑलॉजी, म्हणजे भूगर्भशास्त्र, घेऊ का, घरचे म्हणायलेत भूगोलाचा मास्तर व्हायचंय का तुला. माझ्या वेळी पण हेच म्हणले होते सगळे. फोनवर त्याला काय सांगितलं ते आठवत नाही, नेट जायलालं सारखं, म्हणून इथं लिहायलेय.

पहिलं वर्ष म्हणजे डबे. लाकडी खणांचे डबे, त्यात खनिजं, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेला. नखाने ओरखडा पडला तर टाल्क नाहीतर जिप्सम, कॅल्साइटवर पातळ ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतं, क्वार्ट्झ काचेवर रेघ ओढतं. पोरं काय करायची, दगड सोडून नंबरच पाठ करायची, प्रॅक्टिकलला सतरा नंबर आला की डोळे झाकून फ्लोराइट. मी पण केलंय, खोटं कशाला बोलू. बरं त्या डब्यातलं बहुतेक राजस्थान नाहीतर आंध्रातलं, आणि आपण बसलोय कशावर तर एकाच काळ्या दगडावर, बेसाल्टवर. पाया खणा, विहीर खणा, तेच. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हा थरावर थर पसरला त्याचा हा मराठवाडा, वेरूळचं कैलास लेणं पण त्यातलंच कोरलेलं. डब्यात मात्र बेसाल्टचा एकच खडा होता, तोही कोपरा उडालेला.

दुसऱ्या वर्षी मायक्रोस्कोप आला आणि मला ह्या विषयाचं वेड लागलं. आला म्हणजे कसा, बावीस पोरांत धड चालणारा एकच, त्यामुळं प्रत्येकाला पाच मिनिटं आणि मागून ढकलाढकली. सरांनी सांगितलं एक थिन सेक्शन, म्हणजे उजेड आरपार जाईल इतका पातळ दगडाचा काप, स्वतः बनवा, दगड आपापला आणा. आमच्या अंगणात आजीच्या जात्याची खालची तळी पडून होती, किल्लारीच्या भूकंपात माळवद खाली आलं तेव्हा चिरलेली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. माझा जन्म नंतरचा, पण आमच्या घरात कुठलीही तारीख सांगताना भूकंपाच्या आधी का नंतर असंच सांगतात. त्या तळीचा टवका घेऊन गेले. आजी म्हणली, दगूड न्यायलीस कालेजात? तितं नाहीत व्हय?

टवका कापायचा, काचेला चिकटवायचा आणि कार्बोरंडमच्या पावडरीवर घासत बसायचं, ०.०३ मिलिमीटर होईपर्यंत. दोन दिवस घासलं, बोटांची सालं गेली, एक स्लाइड तर शेवटच्या दहा मिनिटांत पूर्ण घासून गायबच झाली. दुसरी जमली. इतका काळाकुट्ट दगड, आणि त्याच्यातून उजेड आरपार! क्रॉस्ड निकोलमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपच्या दोन आडव्या-उभ्या पोलरायझरच्या मधी ठेवल्यावर प्लॅजिओक्लेज खनिजाच्या बारीक काड्या, काळे-पांढरे पट्टे पट्टे, आणि मधल्या फटीत ऑजाइट हे दुसरं खनिज पिवळं, निळं, गुलाबी. स्टेज, म्हणजे स्लाइडखालची तबकडी, फिरवली की रंग विझतात, परत पेटतात. ह्याच्यावर आजीनं आयुष्यभर ज्वारी दळली. माझी पाच मिनिटं संपली तरी मी उठले नाही, मागच्याने शिव्या घातल्या.

फील्डवर्कला उदगीरच्या पुढं देगलूरकडं नेलं होतं. तिकडं बेसाल्ट संपतो आणि ग्रॅनाइट उघडा पडतो, शेतात हत्ती बसल्यासारखे गुलाबी-करडे धोंडे, वय अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास. किल्लारीला भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल बोर घेतला, त्यात ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर आठेक मीटर गाळाचा थर आणि खाली असलाच जुना खडक लागला. आपल्या खाली पण हेच आहे, हे तिथं उभं राहिल्यावर पटतं. क्लिनोमीटर, म्हणजे थराचा उतार मोजायचं यंत्र, धरायला पण तिथंच शिकले, कारण आपल्याकडचे थर जवळजवळ आडवेच, मोजायचं काय.

त्याच उन्हाळ्यात काकांनी बोर घ्यायचं काढलं. पाणाड्या आला, तळहातावर नारळ घेऊन शेतभर फिरला, बांधाजवळ नारळ उभा राहिला. काका माझ्याकडं वळून म्हणले, तू शिकायलीस ना माय दगडाचं, सांग मग, लागंल का इथं? मला सांगता येईना. भूजल आम्हाला तिसऱ्या वर्षी, तेही एक पेपर. इकडचं प्रत्येक लेकरू हाच प्रश्न ऐकत वाढतं आणि सिलॅबसमध्ये तो शेवटी, ह्याचा मला अजून राग येतो.

मग निदान बघायचं ठरवलं. रात्री बोरगाडी आली, मी चाळणी घेऊन उभी, दर दहा फुटाला निघालेला चुरा ओळीत मांडत गेले. आधी मुरूम, मग राखाडी कोरडी धूळ, तीच ती, घट्ट बेसाल्टची, त्यात पाणी नसतंच. एकशे ऐंशीला धूळ एकदम लाल झाली. ड्रायव्हर म्हणला गेरू लागला. आमच्या पुस्तकात त्याला रेड बोल म्हणतात, लाव्ह्याच्या दोन थरांमधली लाल माती, ती पाणी सहजी जाऊ देत नाही. तिच्याखालच्या थराचा माथा सच्छिद्र असायची शक्यता असते, म्हणून मी म्हणलं अजून थोडं जाऊ द्या. दोनशे दहाला चुऱ्यात पांढरे खडे यायला लागले, झिओलाइट, बेसाल्टच्या पोकळ्यांत भरणारं खनिज, आणि चुरा ओला. दीड इंच पाणी. लई नाही, पण ज्वारीपुरतं. पाणाड्यानं दीडशेलाच लागंल म्हणून सांगितलं होतं.

तर पोरा, नोकरीचं म्हणशील तर एमएस्सी करून जीएसआयची, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची परीक्षा आहे, यूपीएससी घेती, राज्याची भूजल यंत्रणा आहे, आयआयटीत एमएस्सीला जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा. जागा थोड्या, हे आधीच सांगते. आणि आता एनईपीमुळं, म्हणजे नव्या शिक्षण धोरणामुळं, मेजर-मायनरचा (मुख्य आणि दुय्यम विषयाचा) घोळ, तो कॉलेजात जाऊनच विचार.

काका आता गावात कुणाचाही बोर असला की चाळणी घेऊन हजर, दहा-दहा फुटाचे ढीग लावायला लावतात आणि मला रात्री दोनला फोटो पाठवतात. नारळवाला पण येतोच, त्याचे पाचशे वेगळे.