हात कुठे सुटला?

सोमवार, रात्र. पर्वरी. दुपारपासून पावसाची रिपरिप.

'सासुके' या जपानी स्पर्धेत शंभर जण उतरतात आणि बहुतेक वेळा शंभरच्या शंभर हरतात. सामना म्हटला की कोणीतरी जिंकलंच पाहिजे, अशी आपली क्रिकेटची सवय. इथे समोर दुसरा संघच नाही. लाकूड, लोखंड, दोर, पाणी आणि घड्याळ, एवढ्यांशीच झगडा. १९९७ साली तोक्योजवळ एका बंदिस्त सभागृहात हे सुरू झालं आणि मग योकोहामाच्या मिदोरियामा स्टुडिओच्या मोकळ्या जागेत गेलं. चार टप्पे, प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा निर्दय. पहिल्या ३८ स्पर्धांत शेवटच्या मनोऱ्यावरचं बटण वेळेत दाबणारे चौघेच, सगळे मिळून सहा वेळा: १९९९ मध्ये आकियामा, २००६ मध्ये नागानो, २०१० आणि २०११ मध्ये उरुशिहारा, २०१५ आणि २०२० मध्ये मोरिमोतो. पहिले दोघे मासेमार, त्यातल्या आकियामाची दृष्टी अधू. उरुशिहारा चपला-बूट विकणारा. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ही यादी वाचून जरा बरं वाटतं, हे कबूल.

एवढे लोक हरताना बघण्यात मजा काय? बहुतेक जण म्हणतात, पाण्यात धपकन पडलेला माणूस बघून हसू येतं. तसं असतं तर 'ताकेशीज् कॅसल'वर काम भागलं असतं. पोगोवर जावेद जाफरीच्या हिंदी बडबडीसह तो कार्यक्रम घराघरांत पोचला. तिथे पडणं हाच विनोद होता, कोण का पडला याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हतं. २०११ चा 'जोर का झटका'ही त्याच जातीचा: मोठे लाल चेंडू, चिखल, आरडाओरडा. सासुके किंवा अमेरिकेचं 'निंजा वॉरियर' बघताना हसू येत नाही, श्वास अडकतो. माझ्या मते कारण एकच. पडण्याचं कारण उघड्या डोळ्यांनी दिसतं. फुटबॉलमध्ये संघ का हरला यावर आठवडाभर वाद घालता येतो. इथे हात कुठे सुटला, पाय कुठे चुकला, हे ज्याला बघता येतं त्याला त्याच क्षणी कळतं. आणि बघायला शिकणं फार अवघड नाही.

मंगळवार. हवा दमट, भिंतींना ओल.

पकडीबद्दल लिहायचं तर तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करावी. तिथला क्लिफहँगर म्हणजे भिंतीला ठोकलेली जेमतेम तीन सेंटिमीटर रुंदीची पट्टी. बोटांची टोकं तेवढी तिच्यावर, बाकी सगळं शरीर हवेत. पट्ट्या वरखाली बसवलेल्या, मध्ये मोकळी जागा, म्हणजे लटकलेल्या अवस्थेतून बाजूला उडी मारून पुढची पट्टी पकडायची. या टप्प्याला वेळेची मर्यादा नाही. घड्याळ हातातच असतं.

बोटं घट्ट आवळली की कोपराखालचे स्नायू फुगून आतल्या रक्तवाहिन्या दाबतात. रक्त पुरेसं पोचत नाही, हात भरून येतात, बोटं आपोआप उघडायला लागतात. जिद्द इथे उपयोगी नाही. उपाय दोनच. एक, कोपर सरळ ठेवून लटकायचं. म्हणजे भार हाडांवर आणि सांध्यांच्या बंधांवर जातो आणि दंड वाचतात. दोन, टेकायला जरा बरी जागा मिळाली की एक हात सोडून खाली झटकायचा, मग दुसरा. टीव्हीवर कोणी दोन अडथळ्यांच्या मध्ये हात झटकत थांबला की सूत्रसंचालक 'घाबरला वाटतं' असं काहीतरी बोलतो. तो घाबरलेला नसतो, रक्त परत आणत असतो. उलट जो वाकवलेल्या कोपरांनी, हनुवटी पट्टीच्या उंचीला ठेवून घाईघाईने सरकतो, तो पुढच्या अडथळ्यावर पडणार हे तिथेच समजावं. पडतो नंतर, पण चूक आधीच झालेली असते. हा उशीर ओळखता येऊ लागला की या खेळातून सुटका नाही.

गिर्यारोहक, म्हणजे खडकावर चढणारे, इथे पुढे का जातात तेही यातूनच कळतं. व्यायामशाळेतल्या जाड दांडीवर कमावलेली पकड तीन सेंटिमीटरला कामाची नाही. बोटांच्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना, वेगळी तयारी लागते आणि कंडरा स्नायूंपेक्षा कितीतरी हळू बळकट होतात. म्हणूनच नवशिका माणूस पहिल्या काही महिन्यांत अनामिकेच्या बुडाशी दुखणं ओढवून घेतो: स्नायू तयार, कंडराला धरून ठेवणारा पट्टा तयार नाही. खडक चढणाऱ्यांचा नेहमीचा सराव असा: सात सेकंद लटकणं, तीन सेकंद सोडणं, असं सहा वेळा, मग तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. आठवड्यातून दोनदा पुरे. रोज करणारा लवकर घरी बसतो.

गोव्यात यात एक आपली भानगड. जून ते सप्टेंबर मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, जिला सगळे चॉक म्हणतात, हवेतलं पाणी पिऊन गोळा होते. हातावर थर जाड बसतो आणि घामाबरोबर त्याचा लगदा होतो. अशा वेळी पातळ चॉक बरं: त्यातला अल्कोहोल उडून जातो आणि कोरडा पातळ थर उरतो. पूडच वापरायची तर घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलची पुडी टाकून. आणि जास्त लावलं म्हणजे जास्त पकड असं नाही, जाड पुडीवरून बोट घसरतंच.

मल्लखांबाचा विचार येतो. पुरलेल्या खांबाला एरंडेल लावतात, घर्षण कमी व्हावं म्हणून. इथे सगळी धडपड घर्षण वाढवायची. पण दोरीचा मल्लखांब केलेल्या माणसाला पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी धरण्याची जी सवय असते ती थेट इकडे नेता येत नाही, कारण इथे पायात बूट. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा मल्लखांबही होता. ती मुलं बघून 'यांना निंजात पाठवा' म्हणणारे बरेच भेटतात. खांदे आणि पोट तयार आहेत, खरंय. बोटं आणि झोका मात्र पहिल्यापासून शिकावे लागतील.

गुरुवार. सकाळी ऊन, दुपारी पुन्हा सर.

झोका घेऊन एक दांडी सोडायची आणि पुढची पकडायची. या प्रकाराला खेळाडू 'लाशे' म्हणतात. सोडायचा क्षण झोक्याच्या पुढच्या टोकाच्या किंचित आधी, कमर वर उठत असताना. लवकर सोडलं तर शरीर सपाट आणि खाली जातं, बोटं दांडीच्या खालून निघतात. उशिरा सोडलं तर वेग संपलेला असतो, माणूस जागच्या जागी वर उचलला जातो आणि सरळ पाण्यात. बघताना हातांकडे बघू नये, कमरेकडे बघावं. कमर मागे राहिली की उडी गेली.

सॅल्मन लॅडर २००७ मध्ये आली, नागानो जिंकल्यानंतर लगेचच्या स्पर्धेत. दोन उभ्या खांबांना खाचा, त्यांत एक सुटी आडवी दांडी. दांडीला लटकून स्वतःला झटक्याने वर खेचायचं आणि क्षणभर वजन गेलं की दांडी वरच्या खाचेत टाकायची. ताकद कमी पडून हरणारे इथे थोडे. बहुतेक जण एका बाजूने जोर जास्त लावतात. उजवी बाजू वरच्या खाचेत, डावी खालच्याच, दांडी तिरपी, आणि मग अडकलेल्या दांडीला लटकून धडपड. गुडघे एकदम वर घेणं आणि दोन्ही हात दांडीच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर ठेवणं, एवढ्यावर सगळं.

कोर्स रचणाऱ्यांची ही जुनी खोड. कोणी जिंकलं की पुढचा पेपर बदलायचा. आकियामा जिंकला १९९९ मध्ये, पुढच्याच स्पर्धेत वाकडी भिंत उभी राहिली, तीच जगभर गाजलेली वॉर्प्ड वॉल. मला ही दुष्ट वाटत नाही, उलट इमानदार वाटते. कोर्स सोपा करून विजेते वाढवता आले असते.

भिंतीचं गणित करून बघण्यासारखं आहे. अमेरिकेत ती बराच काळ १४ फुटांची होती, म्हणजे सुमारे ४.२७ मीटर. २०१४ मध्ये डॅलसला केसी कॅटन्झारो ही भिंत चढणारी तिथली पहिली स्त्री ठरली. तिची उंची पाच फूट, १५२ सेंटिमीटर. एवढ्या उंचीच्या माणसाचा हात वर करून साधारण १९० सेंटिमीटरपर्यंत पोचतो. म्हणजे उरलेले २३७ सेंटिमीटर पायांनी भिंतीवर धावून मिळवायचे. उंच माणूस हेच काम एक पाऊल कमी टाकून करतो.

चुका ठरलेल्या. भिंत जवळ आली की माणूस घाबरून तिच्याकडे झुकतो. त्यामुळे बूट भिंतीला दाबला जाण्याऐवजी खाली सरकतो. शरीर भिंतीच्या पृष्ठभागाशी काटकोनात हवं, म्हणजे वर जाता जाता जवळजवळ मागे रेललेलं. दुसरी चूक, हात लवकर उचलणं. हात वर गेला की कमर मोडते, शेवटचं पाऊल अर्धवट पडतं आणि बोटं काठाला इंचभर कमी पडतात. शेवटचं पाऊल वरच्या दिशेने मारायचं, हात त्याच्यानंतर. तिसरी, ओले बूट. आधीच्या अडथळ्यावर पाण्याला पाय लागला असेल तर तळवे पुसल्याशिवाय भिंतीला जाऊ नये; घड्याळाचे दोन सेकंद गेले तरी चालतील.

शुक्रवार.

शेवटच्या दोराबद्दल थोडंच. अमेरिकेत २०१५ साली चौथ्या टप्प्यात ७५ फूट, म्हणजे सुमारे २३ मीटर, ३० सेकंदांत. आपल्याकडचा भरपूर उंच माड साधारण वीस मीटरचा धरला, तर पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, त्याच्याही वर जायला हवा, आणि पायाला खोडाचा आधार न घेता. सेकंदाला ७७ सेंटिमीटर. एका ओढीला साठ सेंटिमीटर धरले तर अडतीस ओढी, तेही तीन टप्पे पार करून भरलेल्या हातांनी.

२०१५ मध्ये जेफ ब्रिटन २९.६५ सेकंदांत वर पोचला. त्या देशात हे करणारा तो पहिला. थोड्या वेळाने आयझॅक कॅल्डिएरो २६.१४ सेकंदांत पोचला आणि दहा लाख डॉलर त्यालाच मिळाले. ब्रिटनच्या वाट्याला इतिहास आला. यावर अन्यायाची ओरड झाली, पण नियम आधीपासून माहीत होता. माझी तक्रार दुसरीच आहे: खेळाडूच्या घरची दुःखं पाच मिनिटं दाखवून धाव दीड मिनिटात उरकण्याची अमेरिकी पद्धत. त्यात पाय कसा पडला तेच दिसत नाही.

रविवार, संध्याकाळ. पाऊस थांबला, पागोळ्या चालू.

घरी सराव उभारणाऱ्यांसाठी. जुन्या कौलारू घराच्या वाशाला दोर बांधून झोके घेऊ नयेत. स्थिर लटकलेल्या ७० किलोच्या माणसाचा भार ७० किलोच. पण उभ्या रेषेपासून ६० अंशांवरून झोका घेतला तर तळाशी भार दुप्पट, १४० किलो. ९० अंशांवरून तिप्पट, २१० किलो. दांडी पकडतानाचा हिसका त्याच्या वर. वासे छपराचा स्थिर भार उचलायला घातलेले असतात, बाजूचा हिसका झेलायला नव्हे. आणि आत वाळवी लागली असेल तर बाहेरून कळत नाही.

सांगाडा लोखंडी नळ्यांचा हवा, जस्ताचा मुलामा दिलेल्या. खारी हवा आधी जोडकामाला लागते: मुलामा वेल्डिंगच्या जागी जळलेला असतो, गंज तिथून सुरू होतो. दर पावसाळ्यानंतर जोड तारेच्या ब्रशने घासून बघावेत, फुगलेला रंग दिसला की खाली गंज आहेच. गुळगुळीत स्टेनलेसची दांडी दिसायला छान, घामेजल्या हाताला वाईट. लाकडी दांडी हाताला सर्वांत चांगली, पण पावसाळ्यात फुगते आणि खाचेत अडकते, म्हणून खाच मुळातच थोडी सैल ठेवावी. दोर मनिलाचा, ३८ मिलिमीटर जाडीचा. काथ्याचा दोर खाऱ्या पाण्यात टिकतो, पण तळवे सोलून काढतो आणि त्याचे तंतू लवकर सुटतात.

खाली पाणी ठेवायचा मोह टाळावा. टीव्हीवर दिसतं ते मोजूनमापून भरलेलं असतं. उथळ पाण्यात उभं पडलं की घोटा जातो. गाद्या किमान २० ते ३० सेंटिमीटर जाड, जमिनीपासून लाकडी चौकटीवर उचललेल्या, नाहीतर फोम पाणी पिऊन दगड होतो आणि बुरशी धरते.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आधुनिक पंचक्रीडेत घोडेस्वारीच्या जागी अडथळ्यांची शर्यत येते आहे. मूळ २०२१ मधल्या तोक्यो ऑलिंपिकच्या प्रसंगात, जिथे घोड्याला मारहाण झाल्यावर स्वारी काढायचं ठरलं. २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत झालं तेव्हा हा खेळ २०२८ साठी पक्का झाला. तिथले अडथळे आठ, लांबी ७० मीटरच्या आत, दोघे शेजारी शेजारी धावणार. जवळजवळ सगळे पार करतील अशीच ती आखणी आहे. म्हणजे ती धावण्याची शर्यत झाली, मिदोरियामाची परीक्षा नव्हे. बघेन जरूर, पण कोण पहिला आला ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचता येईल. मी कोणाची कमर झोक्यात मागे राहते तेवढं बघणार.