मुंबई-ठाण्याचे तलाव: कुठे निवांत बसायचं आणि कुठे नुसतं लांबून बघायचं

आतेभाऊ नागपूरचा, त्यामुळे फुटाळा आणि अंबाझरी तलावांचं कौतुक ऐकून ऐकून आमचे कान किटलेत. यावेळी डिसेंबरात सगळे आमच्याकडे डोंबिवलीला आले तेव्हा परत तेच, "तुमच्याकडे समुद्र आहे ना बे, तलाव कुठाय?" म्हटलं चल दाखवतो. तर ही त्या भटकंतीची हकिकत, कोणाला पाहुणे फिरवायचे असतील तर उपयोगी पडेल.

आधीच सांगतो, मुंबईचे मोठे तलाव लांबून बघायचे असतात आणि ठाण्याचे छोटे तलाव काठावर बसायचे असतात. हे डोक्यात ठेवून प्लॅन केला की अपेक्षाभंग होत नाही.

पहिलं पवई. कांजूरमार्ग वेस्टला उतरायचं, तिथे फक्त स्लो लोकल थांबते हे लक्षात ठेवा. बाहेरून रिक्षा किंवा बस, आयआयटी मागे पडली की उजव्या हाताला पाणी दिसायला लागतं आणि रस्त्याच्या कडेने फुटपाथ आहे. सकाळी सातच्या सुमारास पोचलात तर मजा आहे, नऊनंतर मागून जेव्हीएलआरचा (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा) ट्रॅफिक असा सुरू होतो की पक्ष्यांचा आवाज सोडा शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हा तलाव १८९१ सालचा, बांधला पिण्याच्या पाण्यासाठी पण पाणी पिण्यालायक निघालं नाही, त्यामुळे आजही ते कारखान्यांना आणि आरे कॉलनीला जातं. जलपर्णी भरपूर आहे, वारा आपल्या बाजूला असेल तर थोडा वास येतो, खोटं कशाला बोलू. पण पाणकावळे, ढोकरी, जलपर्णीच्या पानांवरून टणाटण चालणारे कमळपक्षी, सगळं रस्त्यावरून दिसतं. आणि मगरी! थंडीत त्या उन्हाला दगडावर येऊन पडतात. भाच्याला दुर्बिणीतून दाखवली तर म्हणे ओंडका आहे, आणि तेवढ्यात ओंडक्याने आ वासला. आतेभाऊ त्यानंतर बराच वेळ गप्प होता. दुर्बीण नसेल तर कोणाची तरी मागून न्या, आणि पाण्याच्या अगदी कडेला पोरांना उतरू देऊ नका, हे वेगळं सांगायला नको. पद्मावती देवीचं जुनं देऊळ तलावाकाठीच पण आयआयटीच्या आवारात आहे, बाहेरच्यांना गेटवर विचारूनच आत जाता येतं, त्याच्या भरवशावर जाऊ नका.

विहार आणि तुळशी हे बोरिवली नॅशनल पार्कच्या जंगलातले तलाव बघायचे असा हट्ट कोणी धरला तर त्याला समजावून सांगा. विहारचं बांधकाम मिठी नदी अडवून १८५६ ला सुरू झालं, १८६० ला पूर्ण झालं आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी तिथून मिळालं, त्याआधी सगळा कारभार विहिरी आणि टाक्यांवर होता. धोबी तलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं त्यातलीच, आता तिथे बसस्टॉप आहेत आणि तलाव नाहीत. तुळशी १८७९ चा. दोन्ही आजही पिण्याच्या पाण्याचे आहेत म्हणून लोकांना प्रवेश नाही. पावसाळ्यात "तुळशी ओसंडून वाहू लागला" ही बातमी आपण दरवर्षी वाचतो आणि खूश होतो, पण खरं तर मुंबईच्या पाण्यात या दोघांचा वाटा अगदी थोडा, बाकी सगळं भातसा-वैतरणा-तानसा वगैरे लांबच्या धरणांतून येतं. आडवाटेने घुसू नका, पकडले गेलात तर दंड आणि नाही पकडले गेलात तर बिबटे आहेतच.

त्यापेक्षा त्याच जंगलात कान्हेरीच्या बौद्ध गुंफा बघायला जा. बोरिवलीच्या नॅशनल पार्कला सोमवारी सुट्टी असते, हे विसरून गेटपर्यंत गेलेले लोक मला माहितीयेत. गेटपासून गुंफा सहा-सात किलोमीटर, बस किंवा भाड्याची सायकल घ्या, गुंफांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. लोक बुद्धमूर्ती बघून परत फिरतात, पण तुम्ही जवळजवळ प्रत्येक गुंफेशेजारी खोदलेलं पाण्याचं टाकं बघा. दगडात चर काढून पावसाचं पाणी त्या टाक्यात वळवलंय, आम्ही गेलो तेव्हा काही टाक्यांत पाणी होतं. शंभराच्या वर गुंफा आहेत, सगळं भिक्खूंचं बिऱ्हाड आणि प्रत्येकाची आपापली टाकी, आमच्या सोसायटीत टँकरवरून होणारी भांडणं आठवली. बोरिवलीहून त्याच दिवशी ठाण्याला जायचं मनात आणू नका, घोडबंदर रोड तुमची संध्याकाळ खाऊन टाकतो. पवई आणि ठाणे एका दिवसात जमतं, कांजूरहून परत स्लो पकडायची की झालं. कान्हेरी वेगळ्या दिवशी ठेवा.

आता ठाणे. एकेकाळी इथे साठेक तलाव होते म्हणतात, आता पस्तीसच्या आसपास उरलेत, तरी "तलावांचं शहर" ही पाटी अजून शोभते. स्टेशनच्या वेस्टला उतरून आधी तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ खाऊन घ्या, पण तिखट किती हवं ते आधीच सांगा, आमच्या आतेभावाने नागपुरी झणझणीत सावजी खाणाऱ्याच्या रुबाबात तिखट मागवली आणि डोळे पुसत संपवली, पण संपवली. तिथून चालत जांभळी नाक्यावरून तलावपाळी. गाडी आणू नका, पार्किंग शोधण्यातच संध्याकाळ जाईल. तलावपाळी म्हणजे मासुंदा तलाव, एका अंगाला गडकरी रंगायतन हे नाट्यगृह, एका अंगाला कोपिनेश्वर मंदिर, मधोमध पाण्यात छोटंसं शंकराचं देऊळ. कोपिनेश्वराचा जीर्णोद्धार १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी केला, आतली पिंडी एवढी मोठी आहे की पहिल्यांदा बघणारा दोन मिनिटं थबकतोच. दर्शन घेऊन बाहेर या आणि कठड्यावर जागा पकडा. भेळवाला, कणीसवाला, पॅडल बोटीत चाललेली नवरा-बायकोची "तू मार ना पॅडल" अशी भांडणं, रंगायतनला दुसरी घंटा झाली तरी चहा न संपलेले लोक, सगळं फुकट बघायला मिळतं. कणीस भाजताना शेगडीला पंख्याने वारा घालणाऱ्या बाईंच्या हाताची लय बघत काकू इतकी रमली की बोटीत बसायचं राहूनच गेलं. सुट्टीच्या दिवशी बोटीला रांग असते, त्यामुळे बोट हवी असेल तर उजेड असताना आधी ते उरका. दिवाळी पहाटेला इथे तरुणाईची अफाट गर्दी उसळते, ती आवडत असेल तरच त्या दिवशी या.

डोंगरासकट तलाव हवा असेल तर उपवन. स्टेशनहून टीएमटी (ठाणे पालिकेची) बस किंवा रिक्षा, येऊरच्या अगदी पायथ्याला आहे, मागे हिरवा डोंगर आणि पुढे पाणी, फोटो इथेच चांगले येतात. सूर्य येऊरमागे लवकर जातो, म्हणून पाचच्या आत पोचा. पावसाळ्यात डोंगर भारी दिसतो पण वरच्या धबधब्यांवर बंदी असते, खालीच थांबा. कचराळी तलाव महापालिकेच्या समोर पाचपाखाडीत, सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आजी-आजोबांचं राज्य, जवळ राहत असाल तर ठीक, मुद्दाम जाण्यासारखं काही नाही.

गणपती विसर्जनाच्या दिवशी पवई आणि तलावपाळी दोन्ही टाळा, रस्ते बंद असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. आणि परतताना संध्याकाळी ठाण्याहून डोंबिवली-कल्याणकडे जायचं असेल तर मुंबईहून येणाऱ्या फास्टमध्ये चढायचा हट्ट धरू नका, ठाण्याहूनच सुटणारी लोकल बघा, पाहुण्यांना निदान उभं राहायला तरी जागा मिळेल.