दोन काट्यांचा ठसा

मी घडवलेल्या जोडव्यांच्या आतल्या बाजूला एक बारीकसा ठसा असतो. गिऱ्हाइकं त्याला इंग्रजी 'व्ही' समजतात आणि विचारतात, "तुमचं नाव वैशाली का हो?" नाही. ते बाभळीचे काटे आहेत. बाभळीला काटे जोडीनं येतात, बुडाशी एक आणि टोकांना फाकलेले. आमच्या माणदेशात सावली म्हणजे बाभळच. पायात काटा मोडला की आजी दुसऱ्या काट्यानंच तो कोरून काढायची, तेही गप्पा मारत.

खरं सांगायचं तर निवडीत सोयही होती. ज्या पोलादी सळईनं ठसा मारायचा, तिच्या टोकावर आकृती उलटी कोरावी लागते. काटे दोन्हीकडून सारखेच, त्यामुळे उलट-सुलटाची भानगड नाही! पोलादी सळईचं टोक कानशीनं घासलं, लालबुंद तापवून तेलात बुडवलं, मग पुन्हा हलकं तापवून वाळल्या गवतासारख्या पिवळसर रंगावर आणलं. नाहीतर पहिल्याच घावाला टवका उडतो.

या ठशाचा शुद्धतेशी संबंध नाही. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. ती खूण वेगळी. सोन्याच्या हॉलमार्कमध्ये पूर्वी सराफाचीही खूण असायची. २०२१ मध्ये एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा असा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, आला आणि ती गेली. मला ते काही रुचलं नाही.

नथीवर मात्र मी ठसा मारत नाही. तार इतकी बारीक की घाव बसला तर चपटीच होईल.