पडद्यावर नीट, फाइलमध्ये कचरा: सी प्रोग्रामच्या आउटपुटचा माझा अनुभव

इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या सभासदांना पत्रं पाठवायची होती, त्यासाठी पत्त्यांची यादी काढणारा छोटा सी प्रोग्राम लिनक्सवर चालवत होतो. टर्मिनलवर पत्ते स्वच्छ दिसत. लांब पत्त्यांच्या शेवटी तेवढा एक प्रश्नचिन्हाचा ठिपका. तेच आउटपुट > लावून फाइलमध्ये घेतलं, तर लेस (फाइल वाचायची आज्ञा) म्हणे फाइल बायनरी, म्हणजे साधा मजकूर नसलेली, असावी. उघडून पाहिलं, तर बहुतेक ओळींच्या शेवटी ^@ ची रांग.

लिनक्सच्या शेलमध्ये > स्वतःहून एकही अक्षर भरत नाही. (विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये मात्र > फाइल यूटीएफ-१६ या वेगळ्या अक्षरसंकेतात करून ठेवतं; तिथे सुरुवातीला एफएफ एफई हे बाइट दिसतात.) ^@ म्हणजे शून्य किमतीचा बाइट, नल. टर्मिनल तो गिळतं, फाइल जपून ठेवते. दोष आधीपासून होता, दिसत नव्हता इतकंच.

पहिला धागा मिळाला तो ओळी आणि बाइट मोजणाऱ्या डब्ल्यूसी आज्ञेत. ओळी २१८, बाइट ८९३८, म्हणजे बरोबर २१८ गुणिले ४१. प्रत्येक पत्ता सारख्याच लांबीचा कसा असेल? कुठेतरी ४० बाइटांचा ठोकळा आणि एक नवी ओळ छापली जात होती.

मग फाइलचा एकेक बाइट आकड्यांत दाखवणारी आज्ञा, ओडी -टी एक्स१ -व्ही. -व्ही विसरू नका, नाहीतर सारख्या ओळींच्या जागी नुसता * येतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, यूटीएफ-८ या नेहमीच्या अक्षरसंकेतात ३ बाइट घेतं. ‘रामबाग, इंदूर’चे ३५ बाइट, पुढे पाच वेळा ००. ‘लोकमान्यनगर, इंदूर’मध्ये मात्र ‘इ’पर्यंत ३८ बाइट, नंतर अनुस्वाराचे ई० आणि ए४ एवढेच, तिसरा ८२ कापला गेलेला. तोच तो ठिपका.

नलांची रांग आणि ठिपका, दोन्हींचं मूळ एकच: स्ट्रएनकॉपी, ठरावीक बाइटांपर्यंत मजकूर उतरवणारं सीचं फंक्शन. मजकूर आखूड असेल तर ते उरलेली जागा नलांनी भरतं, लांब असेल तर शेवटचा नल न लावता कापतं. पुढच्या ओळीत बाइट लिहिणाऱ्या एफराइटला लांबी म्हणून साइझऑफ, म्हणजे ठोकळ्याचा पूर्ण आकार, दिलेला, त्यामुळे चाळीसच्या चाळीस बाइट बाहेर.

टीआर या अक्षरं बदलणाऱ्या किंवा गाळणाऱ्या आज्ञेने नल पुसून फाइल ‘साफ’ करणं मला मान्य नाही. तुटलेला अनुस्वार तसाच राहतो. कापायचंच असेल तर कापायच्या जागेवरच्या बाइटचे वरचे दोन बिट १० असतील तोवर मागे या. पण त्यानेही ‘इंदूर’चा नुसता ‘इ’च उरतो, आणि पत्ता चुकीचा तो चुकीचाच. म्हणून ठोकळा काढून मूळ स्ट्रिंग थेट एफपुट्सने (शेवटच्या नलापर्यंतच मजकूर छापणारं फंक्शन) छापली. रकान्यांसाठी प्रिंटएफचं ४० ची रुंदी धरणारं %-४०एस-ही नको, ते बाइट मोजतं आणि मराठीत रकाने सरकतात, टॅब पुरे.

तपासणी दोन आज्ञांची: टीआर -सीडी '\०००' चं आउटपुट डब्ल्यूसी -सी ला दिलं की ० यायला हवं, आणि आयकॉन्व्ह (अक्षरसंकेत बदलणारी आज्ञा) यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्ये तक्रार न करता जायला हवं.