नवी बंदिश आणि एम.ए.चा वर्ग

मंगळवार, रात्री

संगीताच्या एम.ए.च्या परीक्षेत बंदिश (रागात, तालात बांधलेलं गीत) गाऊन झाली की 'कुणाची?' हा प्रश्न ठरलेला. 'पारंपरिक' म्हटलं की विषय मिटतो. 'स्वरचित' म्हटलं की समोरच्या भुवया वर. पण विद्यार्थी ज्यांना बिनदिक्कत पारंपरिक म्हणून गातात, त्यातल्या कितीतरी चिजा विसाव्या शतकातल्या आहेत. संगीतपंडित विष्णु नारायण भातखंडे 'चतुर' ही मुद्रा (रचनाकाराचं टोपणनाव) घालत, श्रीकृष्ण नारायण रातंजनकर 'सुजन', जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास', त्यांचे शिष्य सी. आर. व्यास 'गुणीजन', के. जी. गिंडे 'सुजनसुत', दिनकर कायकिणी 'दिनरंग'. रातंजनकर १९७४ साली गेले. म्हणजे काल-परवाचीच गोष्ट. अंतऱ्यातली (बंदिशीच्या दुसऱ्या भागातली) मुद्रा नीट ऐकली तरी 'कुणाची?'चं उत्तर बऱ्याचदा तिथेच मिळतं.

दुसरं टोकही तितकंच वैतागवाणं. नवं करायचं म्हणून साडेनऊ मात्रांचा ताल घ्यायचा, दोन अनवट (क्वचित गायल्या जाणाऱ्या) रागांचा जोड करायचा. अनवट रागात कुणी चूक धरत नाही, हा त्यातला खरा फायदा! यमनात नवी बंदिश बांधून दाखवणं जास्त अवघड, कारण तिथे प्रत्येक श्रोत्याचा कान तयार असतो.

नवी-जुनी बाजूला ठेवून मी एवढंच बघतो: मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा, परत परत येणारा तुकडा) पुन्हा पुन्हा गावासा वाटतो का, आणि त्याच्या आधाराने राग किती उलगडतो.

सरावापुरती एक ओळ घेऊ: 'सजन बिन लागे न जियरा'. राग यमन, मध्य लय, सोळा मात्रांचा तीनताल. स-ज-न-बि-न ही पाच लघु अक्षरं बाराव्या मात्रेपासून सोळाव्यापर्यंत बसतात आणि 'ला' समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो. 'ला' आणि 'गे'ला दोन-दोन मात्रा, मग पाचवीवर 'न', सहावीवर 'जि', सातवीवर 'य', आठवीवर 'रा'. नववी, दहावी, अकरावी त्याच आकारात. या तीन मोकळ्या मात्रा भरायचा मोह प्रत्येकाला होतो. तिथे 'मोरा' घुसवला की वजन नीट बसतं, पण तान संपवून मुखडा उचलायला गायकाला श्वास उरत नाही.

आता स्वर. पहिल्या खेपेला बहुतेकांचा मुखडा 'सां नि ध प म' आणि समेवर 'ग' असा होतो. व्याकरण चोख, वादी (रागातल्या मुख्य) स्वरावर सम, आणि तरीही तो नुसता उतरता अलंकार. त्याऐवजी 'म ध नि ध प', आणि प वरून मींडेने (स्वर न तोडता घसरत) समेवर रे, तिसऱ्या मात्रेला सा, असं करून बघा. 'प रे सा' आलं की कल्याणाचं अंग लगेच दिसतं, आणि गंधार (ग) पुढच्या बढतीसाठी, म्हणजे रागाच्या विस्तारासाठी, राखून राहतो. वादी समेवर हवाच, हा नियम कुणी केला कोण जाणे.

समेवरचं अक्षर शक्यतो आकारान्त असावं. 'नी' किंवा 'सू' असलं म्हणून बंदिश वाईट ठरत नाही, पण लांब ठहराव घेताना आवाज चिमटतो. शब्दांच्या बाबतीत मराठी विद्यार्थी हमखास एक घोळ घालतात: पुस्तकी तत्सम शब्द. 'व्यथा', 'स्पर्श', 'संपूर्ण' कागदावर देखणे दिसतात, पण मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत जोडाक्षरावर जीभ अडते. ब्रजभाषेत श चा स होतो, ण चा न, यमुनेची जमुना आणि कालीची कारी. गळ्याला ही अक्षरं सोपी जातात. म्हणून ओळ बांधली की ती आधी स्वरांशिवाय, हातावर ताल धरून, ठाय (संथ) आणि द्रुत (जलद) अशा दोन्ही लयींत नुसती बोलून बघायची.

अंतरा बहुतेकदा उरकलेला असतो. तार सा गाठायचा, मुद्रा घालायची, संपलं. खरी अडचण परतीच्या वाटेवर येते. अंतऱ्याची शेवटची ओळ अकराव्या मात्रेला मध्य सा वर सोडली, तर बाराव्या मात्रेला थेट तीव्र मध्यम (मुखड्यातला पहिला म) लावावा लागतो, आणि तिथे सूर हमखास उतरतो. ओळ गंधारावर सोडली की हाच मध्यम आपसूक लागतो.

बडा ख्याल (अतिसंथ लयीतली बंदिश) मात्र फारसं कुणी बांधत नाही, आणि त्याला कारण आहे. बारा मात्रांचा विलंबित एकताल मिनिटाला १५ मात्रांनी धरला, तर एक आवर्तन (तालाची पूर्ण फेरी) ४८ सेकंदांचं होतं. एवढ्या जागेत शब्द जेमतेम आठ-दहा. तिथे काव्य मिरवता येत नाही, अक्षरांमधल्या जागाच बांधाव्या लागतात. त्या जागा लिहून घेणं तर आणखी कठीण. भातखंडे लिपीत (स्वर लिहिण्याच्या पद्धतीत) कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्राला वर उभी रेघ, कण स्वर (ओझरता लागणारा स्वर) वर बारीक, लांबवलेल्या अक्षराला अवग्रह (ऽ), एवढं येतं. मींड कुठून सुटते आणि किती रेंगाळते, ते येत नाही. म्हणून स्वरचित बंदिशीच्या वहीबरोबर स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) आणि अंतरा दोनदा गायलेलं ध्वनिमुद्रणही विभागाने मागायला हवं. एकदा तबल्यावर, एकदा नुसत्या तानपुऱ्यावर.