रविवारची हजेरी

रविवार, रात्र

मी अमेरिकेत शिकते आणि इथल्या एका सोरोरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या विद्यार्थिनींच्या संघटनेत आहे. गेल्या शनिवारी नव्या मुलींचं इनिशिएशन, म्हणजे सभासद करून घेण्याचा विधी झाला आणि आज त्या पहिल्यांदाच पूर्ण सभासद म्हणून चॅप्टरच्या, म्हणजे आमच्या कॅम्पसवरच्या शाखेच्या, मीटिंगला बसल्या. मीटिंगनंतर खुर्च्या आवरताना त्यांतल्या एकीने मला विचारलं, "आता पुढे काय?" प्रश्न अगदी खरा होता. ऑगस्टपासून या मुलींना सारखं काही ना काही मिळत होतं. आधी बिड (सभासद होण्याचं आमंत्रण), मग संघटनेच्या ग्रीक अक्षरांचे टी-शर्ट, मग आपली 'बिग', म्हणजे सांभाळून घेणारी मोठी बहीण, कोण हे कळायची संध्याकाळ, शेवटी बॅज. आता मिळायचं ते सगळं मिळून झालं. मी म्हटलं, "आता पुढचा रविवार. मग त्याच्या पुढचा."

तिला हे उत्तर पुरलं नसणार. माझ्या मनात मात्र ते घोळतंय, कारण सोरोरिटी म्हणजे काय हे मला रशच्या, म्हणजे भरतीच्या, आठवड्यात कळलं नव्हतं. रविवारच्या हजेरीत हळूहळू कळत गेलं.

रशबद्दल लोकांना ठाऊक असतं. २०२१ पासून अलाबामा विद्यापीठातल्या मुलींचे व्हिडिओ जगभर फिरले, पुण्यातल्या माझ्या मावसबहिणींनीही ते बघितले. पहिल्या फेरीत सगळी घरं (सोरोरिट्यांना आम्ही घरंच म्हणतो) पाहायची, मग दर फेरीत यादी लहान होत जाते. आम्हीही पसंतीने नावं लावायची, घरांनीही लावायची. शेवटच्या प्रेफरन्स फेरीनंतर एका करारावर सही करावी लागते. त्यात आपण लिहिलेल्या घराकडून बिड आली आणि नाकारली, तर त्या कॅम्पसवरच्या पॅनहेलेनिक परिषदेच्या, म्हणजे सोरोरिट्यांच्या एकत्रित मंडळाच्या, दुसऱ्या कुठल्याही घरात पुढच्या वर्षीच्या मुख्य भरतीपर्यंत जाता येत नाही. अठराव्या वर्षी, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असताना, मुली ही सही करतात. मी प्रत्येकीला सांगते, तो कागद पूर्ण वाच. नावं लिहिण्याआधी एक रात्र झोप काढता येत नाही, निदान दहा मिनिटं एकटी बस.

आणि निवड ही निवडच. दोन-तीन मिनिटं बोलणं होतं, खांद्यावर हलकेच हात येतो, समोरची मुलगी बदलते, पुन्हा तेच: कुठून आलीस, काय शिकतेस. आतल्या बाजूने मी दोनदा ते केलंय. इतक्या वेळात माणूस कळत नाही. कळतं ते एवढंच, की हिला आपल्यासारखं बोलता येतं का. ज्या मुलीला पालघरच्या किंवा ओहायोच्या एखाद्या लहान गावातून आल्यामुळे पहिल्या दिवशी शब्द सुचत नाहीत, ती तिथेच मागे पडते. अलाबामात तर २०१३ सालापर्यंत गोऱ्या मुलींच्या पारंपरिक सोरोरिट्यांमध्ये कृष्णवर्णीय मुलींना जवळजवळ दारच बंद होतं. 'क्रिमझन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने ते उघड केलं, तेव्हा विद्यापीठाला हलावं लागलं. २०१३! हे आम्ही नव्या मुलींना शिकवायला हवं, असं मी दरवर्षी म्हणते.

कारण हा सगळा खटाटोप सुरूच झाला तो दार बंद होतं म्हणून. मी इंडियानात शिकते, त्यामुळे ग्रीनकॅसल फार लांब नाही. तिथल्या ॲस्बरी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या डीपॉने, १८६७ मध्ये मुलींना प्रवेश दिला. बेटी लॉक ही तिथल्याच एका प्राध्यापकांची मुलगी. मुलांच्या अशाच एका संघटनेतल्या, म्हणजे फ्रॅटर्निटीतल्या, मित्राने तिला आपला बॅज लावायला सुचवलं. तिने उत्तर दिलं की पूर्ण सभासदत्व मिळणार असेल तर लावते. ते देण्याची त्यांची तयारी नव्हती. मग २७ जानेवारी १८७० रोजी तिने आणखी तिघींबरोबर काप्पा अल्फा थीटा ही मुलींची संघटना काढली. मुळात ही पूर्ण हक्काची मागणी होती, शोभेचा बॅज नको म्हणणारी. पुढे १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात अल्फा काप्पा अल्फा उभी राहिली, कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली. कमला हॅरिस तिथल्याच. १९१३ च्या जानेवारीत तिथेच डेल्टा सिग्मा थीटा स्थापन झाली आणि ३ मार्चला त्या मुली वॉशिंग्टनच्या मताधिकार मोर्चात चालल्या. स्थापनेला दोन महिनेही झाले नव्हते! आपल्याकडच्या मुलींचा नंबर फार उशिरा आला: १९९८ मध्ये ऑस्टिनला काप्पा फाय गॅमा आणि ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, दोन्ही दक्षिण आशियाई विद्यार्थिनींनी काढलेल्या.

मीही त्यांच्याकडे जायचं का, याचा विचार केला होता. तिथे दिवाळी समजावून सांगावी लागली नसती. पण आमच्या कॅम्पसवर तशी शाखा नव्हती, आणि जिथे गेले तिथलं स्वयंपाकघर मला आवडलं, हेही एक कारण. आमच्या घरच्या कुकने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "अंडं चालतं का?"

आईचे प्रश्न वेगळे होते. रॅगिंग नाही ना? महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, त्यामुळे तिच्या मनात तो शब्द पक्का बसलाय. इथे त्याला हेझिंग म्हणतात आणि ते होतं, हे मी तिच्यापासून लपवलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये देशभरासाठी कायदा झाला, त्यामुळे विद्यापीठांना अशा घटना आपल्या वार्षिक सुरक्षा अहवालात मांडाव्या लागतात. आमच्याकडे इनिशिएशनच्या विधीत काय होतं ते गुप्त असतं आणि मी ते इथेही लिहिणार नाही. पण गुप्त ठेवायला सांगणं वेगळं आणि मुलीला घाबरवणं वेगळं. कुणी झोपू देत नसेल, प्यायला लावत असेल, आईला फोन करू नको म्हणत असेल, तर बॅग उचलून निघायचं.

तिचा दुसरा प्रश्न पैशांचा. सध्या मी चॅप्टरची खजिनदार आहे, म्हणून हे बारकाईने माहीत आहे. वर्गणी दर सत्राला द्यावी लागते. पहिलं सत्र सगळ्यांत महाग पडतं, कारण इनिशिएशनचं शुल्क आणि बॅज त्यातच येतात. घरात राहायचं तर खोली आणि जेवणाचे वेगळे. शिवाय बऱ्याच ठिकाणी एक वर्ष तरी घरात राहणं बंधनकारक असतं, हे रशच्या गोंधळात कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्यासारख्या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि तेही कॅम्पसवरच काम करता येतं. लायब्ररीच्या काउंटरवर बसून मी माझे हप्ते फेडले.

पैशांइतकाच वेळही जातो. रविवारी मीटिंग, येणार नसाल तर आधी कारण कळवायचं, नाहीतर दंड. गुणांची किमान सरासरी राखायची, घसरली की अभ्यासाचे तास लावून देतात. एखादं सेवाकार्य प्रत्येक संघटनेचं ठरलेलं असतं. अल्फा काय ओमेगाचं घरगुती हिंसाचाराविरुद्ध, डेल्टा गॅमाचं दृष्टिहीनांसाठी. बॅज लावलेला असताना दारू घ्यायची नाही. मीटिंगमध्ये ठराव मांडायचा, अनुमोदन घ्यायचं, विरोधात बोलणाऱ्याचं पूर्ण ऐकायचं. वीस वर्षांच्या मुली मोठ्या रकमेच्या बजेटवर दोन तास वाद घालतात आणि मग एकत्र जेवायला बसतात. हे मी कॉलेजच्या दुसऱ्या कुठल्याही वर्गात शिकले नसते.

या हजेरीमुळेच माझी एका मुलीशी गाठ पडली. तिला मी आपणहून कधी निवडलं नसतं. ती मोठ्याने बोलते, राजकारणात आमचं एका वाक्यावरही जमत नाही. पण कामाच्या यादीत आमची नावं एकत्र आली आणि निधीसाठी आम्ही मध्यरात्र उलटेपर्यंत तव्यावर चीज सँडविच भाजत उभ्या राहिलो. तीच पुढे जवळ आली असं नाही. आम्ही अजूनही भांडतो. मागच्या वर्षी माझी अक्कलदाढ काढायची होती. क्लिनिकवाल्यांनी सांगितलं, भूल देणार, तेव्हा न्यायला मोठं माणूस हवं, टॅक्सी चालणार नाही. माझं इथे कोण आहे? मी ग्रुपवर लिहिलं आणि पहिलं उत्तर तिचं आलं. ती सकाळी सातला गाडी घेऊन हजर झाली, बाहेर तीन तास बसली, परत आल्यावर तिने बटाटे कुस्करून दिले आणि औषधांच्या वेळा माझ्या आईला फोनवर सांगितल्या. आई मराठीमिश्रित इंग्रजीत, ही तिच्या खेडवळ दक्षिण इंडियानाच्या इंग्रजीत. दोघींना एकमेकींचं कळलं.

मैत्रिणी आपण आवडीने करतो. ही मुलगी आवडीची नव्हती, नेमाची होती. दर रविवारी एकाच खोलीत बसावं लागतं म्हणून आमची ओळख टिकली, आणि टिकली म्हणून ती त्या दिवशी आली. रशच्या आठवड्यातली गाणी, फुगे, रडणं हे सगळं गाळलं तरी चालेल, पण ही सक्तीची बैठक काढली तर काही उरणार नाही, असं माझं ठाम मत झालंय.

म्हणून पुढच्या रविवारी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, सगळा खर्च, घरात राहण्याच्या अटीसकट, रशच्या आधीच छापील स्वरूपात प्रत्येकीच्या हातात द्यायचा. दुसरा, आधी कळवून हप्ता उशिरा भरणाऱ्या मुलीला दंड लावायचा नाही. दुसऱ्याला विरोध होईल. गेल्या वर्षी तूट आली होती आणि आकडे माझ्याकडेच आहेत. अनुमोदन द्यायला चीज सँडविचवाली तयार आहे. पहिल्या ठरावाविरुद्ध मात्र ती बोलणार आहे, तसं तिने आजच सांगून ठेवलंय.