इमारतीच्या आत फोनला जागा कशी कळते?

काँक्रीटच्या छताखाली जीपीएसचा क्षीण सिग्नल नीट पोचत नाही, म्हणून आत ब्लूटूथ बीकन, म्हणजे सतत सिग्नल पाठवणारी छोटी उपकरणं लावतात. सिग्नलच्या ताकदीवरून अंतर काढायचं, पण ही ताकद फार फसवी. माणसाचं शरीर २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शोषतं. नुसती पाठ वळवली तरी बीकन लांब गेल्यासारखा वाटतो. म्हणून तो डोक्यावरच्या उंचीला, अडीच-तीन मीटरवर आणि लोखंडी कपाटांपासून दूर लावा. १ मीटरवरची ताकद बसवलेल्या जागीच मोजून सेटिंगमध्ये भरा. एका मोजणीवर विसंबू नका, काही सेकंदांतल्या मोजण्यांचा मध्यक घ्या.

माझ्या मते अचूकता हवी असेल तर वाय-फाय आरटीटी (राउंड ट्रिप टाइम) सरस. यात सिग्नलच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजतात; रेडिओ लहर १ नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. ही सोय अँड्रॉइड ९ पासून (२०१८) आहे, मात्र फोन आणि राउटर दोघांनाही ८०२.११एमसी हे वाय-फायचं मानक यायला हवं, खरेदीआधी हे तपासाच. किमान तीन राउटर दिसले तर १ ते २ मीटरपर्यंत जागा कळते. ते एका ओळीत मात्र लावू नका: फोन ओळीच्या कोणत्या बाजूला आहे, हे गणिताला ठरवताच येत नाही.